वेव्ह: आधी देवाला द्यायला लावणारा त्रिशूळ

वरळी कोळीवाड्यात आमच्या घरी दर रविवारी दुपारी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकून गोष्टीतलं पात्र खेळायच्या खेळाचा, डाव बसतो. गेले आठ महिने माझ्या पात्राच्या, एका योद्धीच्या, हातात वेव्ह आहे. १९७९च्या व्हाइट प्लूम माउंटन या साहसातला हा त्रिशूळ. खेळाच्या पाचव्या आवृत्तीतही तो आहे.

साध्या त्रिशुळाला या खेळात फारसं कोणी विचारत नसे. २०१४च्या नियमांत त्याचा मार भाल्याइतकाच. भाला एका सुवर्णनाण्यात मिळायचा, त्रिशुळाला पाच मोजायची. मग घेणार कोण? २०२४मध्ये मार वाढला, समोरच्याला आडवं पाडायची सोयही आली. पाण्याखाली मात्र तो आधीपासूनच कामाचा. ज्याला मुळात पोहण्याची गती नाही त्याची लांब तलवार, कुऱ्हाड तिथे डिसअ‍ॅडव्हान्टेजने चालते, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा; त्रिशूळ नेहमीसारखाच लागतो.

वेव्हला वर +३ आहे, म्हणजे नेम आणि मार दोन्हींत तीनची भर. डोक्याभोवती हवेचा बुडबुडा मिळतो, त्यामुळे पाण्यात श्वासाची चिंता नाही. दबा धरून बसलेल्या शत्रूची चाहूल तो आधीच देतो. आणि क्रिट पडला, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर वीस आला, तर समोरच्याच्या एकूण हिट पॉइंट्सच्या (जीव मोजायच्या आकड्याच्या) निम्मं जादा नुकसान! क्राकेन या समुद्रातल्या राक्षसी प्राण्याशी लढताना आमचे दोघे बेशुद्ध पडले होते. मी फासा टाकला, तो स्टीलच्या ताटाच्या कडेला आपटून वीसवर थांबला. क्राकेनचे हिट पॉइंट ४७२, त्यातले २३६ त्या घावाच्या जादा नुकसानातच गेले. शेजारच्या काकू काय झालं म्हणून दारात आल्या, इतके आम्ही ओरडलो.

तरी मला तो आवडतो तो त्याच्या अटीमुळे. समुद्रदेवाला मानल्याशिवाय वेव्हशी अट्यून होता येत नाही, म्हणजे त्याच्याशी नातं जुळून त्याची जादू वापरता येत नाही. माझी योद्धी कुठल्याच देवाला मानत नव्हती. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, माझा मामेभाऊ. त्याने विचारलं, "ताई, देवाला काय देतेस?" मी सोनं म्हटलं. तो म्हणाला, सोन्याचं तुला काय वाटणार आहे? मग मी रिंग ऑफ प्रोटेक्शन ही संरक्षण देणारी जादूची अंगठी काढली. चौथ्या लेव्हलपासून ती माझ्याकडे होती, पात्राच्या शीटवर पेन्सिलने दाबून दाबून लिहिलेली. रबर घासून कागद तिथे पातळ झाला, पण अक्षरांचा वळ राहिलाच, अजूनही बोटाला लागतो. आर्मर क्लास, म्हणजे घाव चुकवायचा आकडा, एकने उतरला. आजी बाजूला सुके बोंबील निवडत बसली होती. ती म्हणाली, "दर्याला दिलंस ना? मग आता त्याचा हिशोब ठेवू नको गो."

जून-जुलैत मासेमारी बंद असते. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा आणि होड्या लोटायच्या. आधी द्यायचं, मग मागायचं, हे मी लहानपणापासून बघत आलेय. फासे-आकड्यांच्या खेळात तेच समोर येईल असं कधी वाटलं नव्हतं. त्या रविवारी मला खरंच भरून आलं.

माशांना हुकूम देण्याची शक्ती मात्र तोकडी आहे. तीन चार्ज, म्हणजे तीनदा वापर; सेव्ह १५चा, म्हणजे समोरच्याने फाशावर १५ गाठले की तो सुटतो; आणि ती फक्त पोहणाऱ्या बीस्टवरच, म्हणजे साध्या प्राण्यांवरच चालते. शार्क वळतो, क्राकेनवर काहीच होत नाही. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मासे सांगून ऐकणार असतील तर जाळं कशाला लागतं?"

एक गोष्ट मला अजिबात पटली नाही. नियमपुस्तकातल्या वेव्हला स्वतःचं मन आहे आणि तो हट्टी आहे: लोकांना समुद्रदेवाकडे वळवायचं, नाही वळले तर मारायचं. आमच्या किनाऱ्यावर हिंदू कोळी नारळ वाहतात, ख्रिस्ती कोळी होड्यांवर आशीर्वाद मागतात, आणि दर्या दोघांच्याही जाळ्यात मासळी देतो. मी भावाला तो भाग काढायला लावला. त्रिशूळ स्वतःशी समुद्राची गाणी गुणगुणतो, ते मात्र ठेवलंय. माझी खेळायची पाळी आली की भाऊ कोळीगीताची चाल धरतो, हळूहळू सगळं टेबल त्यात सामील होतं.

तुमचं कॅम्पेन, म्हणजे महिनोन्‌महिने चालणारी गोष्ट, वाळवंटात चालणार असेल तर वेव्ह मागू नका, अर्धी ताकद वाया जाईल. किनाऱ्याची, बेटांची गोष्ट असेल तर जरूर मागा. पण तुमचा डीएम तो खजिन्याच्या पेटीत नुसता टाकून देणार असेल तर त्याला थांबवा आणि म्हणा, आधी माझ्याकडून काहीतरी घे.