नॅनोकणांची विषारकता चाचणी : अंधेरीतील एका प्रयोगशाळेची सेवा

आमच्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांचा फुप्फुसाच्या पेशींवर काय परिणाम होतो, हे तपासण्यासाठी अंधेरीतील एका खाजगी प्रयोगशाळेची सेवा घेतली. पेशी ज्यात वाढवतात त्या पोषणद्रवात कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि पेशींपर्यंत पोहोचणारी मात्रा बदलते, हे ओळखून त्यांनी आधी द्रवातील कणांचा आकार मोजला, ही बाब मला सर्वांत मोलाची वाटली. जिवंत पेशींमुळे तयार होणाऱ्या रंगावरून किती पेशी जगल्या हे मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत खुद्द कणच रंगाच्या मापनात ढवळाढवळ करू शकतात, म्हणून पेशीविरहित नमुनाही तुलनेसाठी ठेवला होता. (इतकी काळजी सगळीकडे घेतली जात नाही.) मात्र ए५४९ पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या, मानवी फुप्फुसाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी) द्रवात बुडवून केलेली चाचणी श्वासावाटे आत जाणाऱ्या धुळीचे चित्र अपुरेच दाखवते, पेशींवर हवेतून थेट कण सोडण्याची सोय येथे नाही, आणि हे दरपत्रकातच नमूद असायला हवे होते. अहवाल वेळेवर मिळाला.