धुतल्यावर गाडीच्या अंगात साचणारं पाणी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी धुतली, पुसली, गेटबाहेर काढली आणि बेळगावच्या टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट ओलांडलं, की उजव्या आरशातून पाण्याची एक रेघ दारावर उतरायची. दर वेळी. दुपारपर्यंत ती वाळायची आणि काळ्या रंगावर खडूने ओढावी तशी पांढरी पट्टी मागे राहायची. या एका रेघेपायी मी नऊ महिन्यांत बरंच काही शिकलो.

गाडी दोन आसनांची, कापडी छताची, इंजिन सीटच्या मागे. जुनी आहे, डिसेंबरात बेंगळूरहून घेतली. (सीमाभागात गाडी घेताना पहिला प्रश्न पासिंगचा. गोव्यात आणि महाराष्ट्रात चांगल्या गाड्या दिसत होत्या, पण नंबर बदलायचा व्याप नको म्हणून कर्नाटकचीच शोधली.) मेक लिहीत नाही, कारण हा त्रास एका कंपनीचा नाही, घडणीचा आहे. साध्या हॅचबॅकचा पत्रा सरळ उतरता असतो, पाणी येतं आणि निघून जातं. स्पोर्ट्स कारला हवा ओढणाऱ्या खोबणी असतात, मागच्या चाकांवर फुगीर खांदे असतात, स्पॉयलरचे सांधे आणि खोलवर बसवलेले दिवे असतात. दिसायला जे जे सुंदर, तिथे तिथे पाणी दबा धरून बसतं.

पहिला महिना नुसत्या फडक्यावर काढला. जाड मायक्रोफायबर पत्र्यावरचं पाणी छान ओढतं, पण आरशाच्या काचेमागे, दाराच्या मुठीत, पेट्रोलच्या झाकणाखाली, मागच्या वरच्या ब्रेक लाईटच्या फटीत त्याचा हात पोचत नाही. वर पुसून घ्यावं आणि दहा मिनिटांनी खालून पुन्हा ओघळ यावा, असं चालायचं.

जानेवारीत वायरवाला छोटा ब्लोअर घेतला. कॉम्प्युटरच्या दुकानात धूळ उडवायला वापरतात तोच, दीड हजाराच्या आत मिळाला. आजही रोज हाताशी असतो आणि मी तो मनापासून सुचवेन. मात्र क्रम चुकला तर दुप्पट काम होतं. मी छताच्या कडेपासून सुरू करतो, मग काचेखालची वायपरची पन्हळ, मग आरसे. आरसा वरून फुंकून उपयोग नाही. काच आणि कवच यांच्या फटीत खालून तिरकी हवा मारली, की आत बसलेलं चमचाभर पाणी एकदम बाहेर पडतं. तिथे हात धरून बघा, एवढं पाणी त्या एवढ्याशा आरशात होतं यावर विश्वास बसत नाही. मग मुठी, पेट्रोलचं झाकण, बाजूच्या खोबणी, मागचे दिवे आणि शेवटी चाकांचे नट. डिकी मात्र आधी हवा मारल्याशिवाय उघडायची नाही. झाकणाच्या कडेला साचलेलं पाणी सरळ आत पडतं, माझी टूलकिट एकदा त्यात भिजली.

दोन गोष्टींची काळजी घ्या. हा ब्लोअर खालची हवा ओढतो आणि आपल्याकडची तांबडी धूळ त्याबरोबर ओल्या रंगावर मारतो. पहिल्याच आठवड्यात बॉनेटवर बारीक ओरखडे दिसले. आता आधी फरशी धुतो, ब्लोअर कमरेच्या वर धरतो आणि मागच्या जाळीला जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा बांधतो. जाळी फार गच्च झाकायची नाही, मोटर तापते. दुसरं म्हणजे ओल्या पायांनी, ओल्या जागी विजेचं यंत्र चालवताय. गाडी लावतो तिथल्या लाईनला मी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाईन तोडणारा स्विच, बसवून घेतला. तो नसेल तर ब्लोअर घेऊच नका, फडका बरा.

आरशाची रेघ थांबली. मला वाटलं, विषय संपला.

जूनच्या शेवटी चोर्ला घाटातून येताना कणकुंबीला पावसाने गाठलं. छत बंद होतं, वरून एक थेंब आत आला नाही. तीन दिवसांनी दार उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास. कार्पेटवर हात ठेवला तर वरून कोरडं लागत होतं, बोटं दाबली तर खालच्या फोममधून पाणी वर आलं. अशा बऱ्याच गाड्यांत सीटखाली किंवा कार्पेटखाली इलेक्ट्रॉनिक्सचे डबे असतात. ते भिजले तर दुरुस्तीचा आकडा ऐकवत नाही, म्हणून मी घाबरलो.

कापडी छत कितीही चांगलं असलं, तरी ते जिथे दुमडतं त्या घडीच्या खाचेत पाणी जाणारच, हे कंपनीला माहीत असतं. म्हणून त्या खाचेच्या दोन्ही कोपऱ्यांत भोकं ठेवलेली असतात आणि तिथून नळी खाली उतरून मागच्या चाकाच्या आसपास पाणी सोडते. माझी गाडी ज्या गुलमोहराखाली उभी असते त्याची तांदळाएवढी पानं त्या भोकात जाऊन बसली होती. प्रत्येक धुण्याबरोबर थोडं पाणी आतच राहत होतं, पावसाने फक्त ते उघड केलं. म्हणजे मी सहा महिने वरचं पाणी उडवत होतो आणि खालची वाट बंदच होती.

एका गॅरेजात दाखवली. तिथल्या मुलाने कॉम्प्रेसरची हवा भोकात मारली, फट् असा आवाज आला आणि म्हणाला, साफ झालं. झालं नव्हतं. आतल्या आत नळी जोडावरून सुटली होती आणि आता सगळं पाणी बाहेर जायच्या ऐवजी सरळ उंबऱ्याच्या पत्र्यात उतरत होतं. बाजूचं पॅनल काढून नळी परत बसवायला दोन दिवस गेले. ते काम खानापूरकडच्या एका वयस्क मिस्त्रींनी केलं. काम करता करता म्हणाले, "पाणी आत कुठनं येतंय ते सोडा की साहेब, भाईर कुठनं जाईना झालंय ते बघा." गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर गोल करा आणि हलक्या हाताने फिरवत आत सोडा, हे त्यांनीच शिकवलं.

त्या रविवारी बाबा वर तांब्या घेऊन उभे आणि मी टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा.

"आलं का रे?"

"नाही अजून."

"अर्धा तांब्या झाला बघ."

"थांबा, ओतू नका."

दोरी परत एकदा फिरवली. आधी काळं पाणी आलं, मग भिजलेल्या पानांचा लगदा, मग पाणी स्वच्छ होत गेलं आणि दुसऱ्या बाजूलाही तसंच आलं. बाबांना मोटारीतलं काही कळत नाही, पण आवाजावरूनच ते म्हणाले, "मोकळी झाली."

तेव्हापासून महिन्यातून एकदा हे करतो. दारांच्या खालच्या कडेची भोकं आणि वायपरखालची पन्हळही त्यातच होते. फोम सुकवायला मात्र तीन आठवडे लागले. सीट काढून, कार्पेट उचलून, खाली पंखा लावून. नुसती खिडकी उघडी ठेवून फोम सुकत नाही, जुलैत बेळगावात तर मुळीच नाही.

पाण्याबद्दलही लिहायला हवं. आमच्याकडे नळ आला नाही की बोअर. टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा पेन लावला तर बोअरचं पाणी ५०० च्या बरंच वर निघालं. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाने ठरवलेली स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पांढरी पट्टी उठते ती याच क्षारांची. आता धुणं कुठल्याही पाण्याने होवो, शेवटची बादली नळाच्या पाण्याची, आणि उन्हात कधीच नाही. जुन्या डागांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून, पत्रा गार असताना लावलं, मिनिटभराने धुऊन टाकलं. बहुतेक डाग गेले. दारावरचा एक रंगात उतरलाय, त्याला पॉलिशच लागेल.

ब्रेकच्या डिस्कवर धुतल्यानंतर लालसर थर येतो, त्याने घाबरू नका. चार-पाच किलोमीटर फिरवून सावकाश ब्रेक मारले की जातो. मी मच्छेपर्यंत जाऊन येतो, त्यात फटींत राहिलेलं पाणीही निघतं. परत आल्यावर एक फडका फिरवायचा. छत पूर्ण सुकल्याशिवाय खाली घ्यायचं नाही, घडीत बुरशी धरते.

बिनवायरचा महागडा ब्लोअर एका मित्राचा आणून वापरला. हाताळायला हलका, पण माझी गाडी पूर्ण व्हायच्या आत बॅटरी संपली. त्या पैशांत वायरवाला ब्लोअर, आरसीसीबी, चार चांगले फडके आणि दोरीचं बंडल येतं, वर थोडे उरतात. प्रेशर वॉशर असेल तर छताच्या कडेच्या रबरावर जवळून मारू नका.

गणपतीत गावाकडे जाऊन आलो, वाटेत पाऊस लागला. घरी आल्यावर पहिल्यांदा कार्पेटखाली हात घातला. कोरडं होतं. मागच्या चाकापुढे फरशीवर दोन्ही बाजूंना पाण्याची छोटी थारोळी होती, जिथे असायला हवीत तिथेच.