‘जुन्या स्टॉक’चं पॅकिंग

वडिलांची १९८७ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फिएट, मी अजून चालवतो. गेल्या पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून फट्‌फट्‌ आवाज यायला लागला. इंजिन तापलं की तो कमी व्हायचा. मिस्त्रींनी वाकून कान दिला आणि म्हणाले, “मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकतंय.” आपण ज्याला एक्झॉस्ट गॅस्केट म्हणतो, ते गॅरेजात पॅकिंगच: इंजिन आणि त्याचा धूर बाहेर नेणारं मॅनिफोल्ड यांच्यामधली फट बंद करणारी पातळ पट्टी. ती फुंकते म्हणजे तिथून धूर गळतो. लोखंड तापून फुगलं की फट थोडी मिटते, म्हणून आवाज कमी.

पुण्यात नाना पेठेत अर्धा दिवस घातला. “फिएटचं ना? मागवावं लागेल,” एवढंच प्रत्येकाचं उत्तर. शेवटी ऑनलाइन जाहिरातीतून परगावचा एक विक्रेता सापडला. “साहेब, कंपनीचा ओरिजिनल माल, नव्वदच्या आधीचा. शेवटचा सेट उरलाय.” २,४०० रुपये, तेही आधी. बिल मागितलं तर म्हणाला, जुन्या मालाला कसलं बिल! आणि मी गप्प बसलो. माझी पहिली चूक तीच.

पार्सल आलं. पिवळट पडलेला खोका, कोपरे झिजलेले, आत तेलकट कागदात गुंडाळलेलं चकचकीत पॅकिंग. खरं सांगतो, त्या खोक्याच्या प्रेमातच पडलो. वडिलांच्या काळातली वस्तू हातात आल्यासारखं वाटलं. पॅकिंग वाकवून, खरवडून बघायचं सुचलंच नाही.

बसवताना एक स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड धरून ठेवणारा बोल्ट, तुटला. तो ड्रिल करून काढणं, नवा घालणं धरून मजुरी १,८०० झाली. चार दिवस गाडी गुळगुळीत चालली. पाचव्या दिवशी पाऊस होता, काचा वर, आम्ही दोघं जुन्या कात्रज घाटात. बायकोला मळमळायला लागलं, माझं डोकं ठणकत होतं. मला वाटलं, घाट लागला. तेवढ्यात तो फट्‌फट्‌ आवाज परत ऐकू आला, तेव्हा धडकी भरली. गळका एक्झॉस्ट म्हणजे गाडीत कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू. त्याला ना रंग, ना वास. डोकेदुखी, मळमळ हीच त्याची पहिली खूण. भर पावसात काचा खाली करून घरी आलो.

मिस्त्रींनी मॅनिफोल्ड उतरवलं तर पॅकिंगच्या जागी काळा भुगा. एका टोकाचा न जळलेला तुकडा त्यांनी लायटरवर धरला. तो लगेच पेटला आणि जळक्या रबराचा वास आला. “साहेब, हा ऑइल चेंबरला लावायचा कागद. वरून चांदीचा वर्ख चिकटवलाय नुसता.” ऑइलच्या उष्णतेला तो कागद टिकतो, पण एक्झॉस्टची धग शेकडो अंशांची. तिथे तो चार दिवस टिकला हेच नवल.

घरी मुलीने खोका हातात घेतला आणि विचारलं, “बाबा, नव्वदच्या आधी हे ₹ होतं?” हे चिन्ह आलं २०१० साली! मग नीट पाहिलं तर छापलेला मुंबईचा फोन नंबरही आठ आकडी. तेव्हा तो आठ आकडी नव्हताच. खोका नवा छापून जुना केलेला. चहात बुडवला असेल, कोण जाणे.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं ते बिल.

मूळचं फुंकलेलं पॅकिंग मिस्त्रींनी खिळ्याला टांगून ठेवलं होतं, नशीब! ते नमुना म्हणून देऊन आत पत्र्याची जाळी असलेल्या ग्रॅफाइट शीटमधून नवं कापून घेतलं. ३५० रुपये. गाडी एकदा तापवून, थंड झाल्यावर मधल्या नटापासून बाहेर असे सगळे नट पुन्हा आवळले. तेव्हापासून आवाज नाही.

परवा मित्राच्या फोनवरून त्याच विक्रेत्याला विचारलं, पद्मिनीचं मॅनिफोल्ड पॅकिंग आहे का? “आहे ना साहेब,” तो म्हणाला. “शेवटचा सेट उरलाय.”