फार्टेनमेसर घ्यायचा असेल तर बिल्ला शेवटी पाहा

फार्टेनमेसर म्हणजे भटकंतीचा चाकू. १९३३ पासून हिटलर यूथसाठी, म्हणजे नाझी पक्षाच्या युवक संघटनेसाठी, जर्मनीतल्या सोलिंगेन शहरात घडवलेला हा चाकू जर्मन पाती जमवणाऱ्यांची बहुधा पहिली खरेदी असतो, आणि पहिली फसगतही. खरेदीदाराची नजर आधी मुठीवरच्या लाल-पांढऱ्या शंकरपाळी बिल्ल्यावर आणि पात्यावरच्या घोषवाक्यावर जाते. नकली माल करणाराही नेमकी तिथेच मेहनत घेतो. म्यान, रिवेट आणि पात्याचं बूड यांच्याकडे दोघंही काणाडोळा करतात. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. पातं सुमारे १४ सेंटिमीटर, एकूण लांबी सुमारे २५. घाट लष्करी बायोनेटचा, म्हणजे बंदुकीच्या संगिनीचा, फक्त छोटा. मुठीचा सांगाडा निकेल मुलाम्याचा, दोन्ही बाजूंना चौकडीची काळी पट्टी, प्रत्येक पट्टी दोन रिवेटांनी धरलेली. म्यान पोलादी, काळ्या रंगाचं, वर चामड्याचा लूप आणि चाप बटणाची वादी. युंगफोल्क या संघटनेच्या १० ते १४ वयाच्या शाखेतल्या मुलाला पहिली चाचणी पार केल्यावर हा चाकू कंबरेला लावता येई. दहा वर्षांच्या पोराच्या हातात ‘रक्त आणि सन्मान’ असं कोरलेलं पातं देणारी व्यवस्था कशी होती, हे ही वस्तू पुस्तकापेक्षा लवकर समजावते. तिचं संग्रहमूल्य आम्ही त्यातच मानतो, चिन्हाच्या आकर्षणात नाही.

आता पात्याचं बूड, म्हणजे मुठीलगतचा धार नसलेला भाग. सुरुवातीच्या नगांवर कारखान्याचं बोधचिन्ह असतं, नंतरच्यांवर आरझेडएमचा, म्हणजे नाझी पक्षाच्या साहित्यावर देखरेख करणाऱ्या कार्यालयाचा शिक्का: एम ७, तिरकी रेघ, मग कारखान्याचा क्रमांक. एम ७ म्हणजे पात्यांच्या शस्त्रांचा गट; ७/६६ म्हणजे कार्ल आइकहोर्न हा कारखाना. पुष्कळ शिक्क्यांसोबत वर्षही असतं. घोषवाक्य १९३८ मध्ये बंद झालं, त्यामुळे शिक्क्यात १९३९ किंवा १९४० आणि दुसऱ्या बाजूला घोषवाक्य असा नग समोर आला तर तो तिथेच ठेवून द्यावा. विक्रेता ‘जुनं पातं नंतर वापरलं असेल’ म्हणतो. पण वर्ष पात्यावरच आहे, मुठीवर नाही.

घोषवाक्य दहापट भिंगाखाली बघा. खरी अक्षरं आम्लाने खाल्लेली असतात: तळ एकसारखा मंद, कडा किंचित मऊ, आणि पात्यावरच्या झिजेचे ओरखडे अक्षरांवरूनही गेलेले. नवीन कोरीवकामात ओरखडे अक्षराच्या कडेला येऊन थांबतात, कारण अक्षर ओरखड्यानंतर आलेलं असतं. लेझरने केलेल्या कामात तळाशी समांतर बारीक रेघा दिसतात.

परजेला, म्हणजे मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीला, टेकणारी चामड्याची चकती शाबूत आहे का, तेही बघावं. ती नसली म्हणून चाकू खोटा ठरत नाही, पण काळ्या पडलेल्या जुन्या पात्याला कोरी करकरीत चकती असेल तर ती नंतर बसवलेली असावी. रिवेटांची डोकी दोन्ही बाजूंना सारखी झिजलेली हवीत. त्यांच्याभोवती ताजे हातोड्याचे ठसे किंवा पट्टीला तडा दिसला तर पट्ट्या बदलल्याचा संशय घ्यावा. यामागे एक नेहमीचा मार्ग आहे. युद्धानंतरही सोलिंगेनमध्ये याच घाटाचे स्काउट चाकू होत राहिले, त्यांच्या बिल्ल्यावर लिलीचं फूल असे. तो बिल्ला काढून हिटलर यूथचा बसवला की ‘युद्धकाळातला’ नग तयार! अशा चाकूच्या बुडावर जुना शिक्का नसतो, किंवा तो घासून नवा मारलेला असतो. घासलेल्या जागी पात्याची जाडी कॅलिपरला कमी लागते.

मग शेवटी बिल्ला. खरा मीना काचेसारखा असतो: उडाला तर ढलपी निघते, सोलला जात नाही, आणि तिरक्या प्रकाशात लाल रंगाला खोली दिसते. रंग भरलेली नक्कल सपाट दिसते. खाचेभोवती गोंदाची चकाकणारी रेघ शोधा. अतिनील दिव्याखाली आधुनिक गोंद आणि वादीच्या शिवणीतला नवा दोरा बहुधा निळसर उजळतात. मात्र वादी नंतर बदललेली असू शकते, तेवढ्याने पूर्ण चाकू नाकारू नये.

निकेलचे फुगे हा या चाकूचा जन्मदोष. मुलाम्यात सुईएवढं छिद्र पडलं की खालचं पोलाद गंजतं, गंज फुगतो आणि निकेल वर उचललं जातं. पुन्हा मुलामा देऊन घेतलेली मूठ आरशासारखी दिसते, पण तिची मूळ कडा हरवलेली असते. फुगे असलेला मूळ नग आम्ही त्याहून वरचा मानतो.

संग्रह सुरू करणाऱ्याने मात्र आधी ८४/९८ बायोनेट, म्हणजे जर्मन सैन्याची नेहमीची संगीन, घ्यावं, हे आमचं ठाम मत. पातं सुमारे २५ सेंटिमीटर, पट्ट्या लाकडी किंवा बेकेलाइटच्या, आणि पडताळणीला खुणा भरपूर. पात्याच्या बुडावर एका बाजूला कारखाना, दुसऱ्या बाजूला क्रमांक. तोच क्रमांक म्यानावर असेल तर जोडी मूळची. १९३४ च्या नगांवर वर्षाऐवजी के, १९३५ च्या नगांवर जी. आइकहोर्नचा आधीचा संकेत एस/१७२, नंतरचा सीओएफ. मुठीच्या टोकावर वाफेनआम्टचा, म्हणजे सैन्याच्या शस्त्र कार्यालयाचा, गरुड शिक्का. टोकावरचं बटण दाबून सोडलं की लगेच परत यावं. पातं म्यानात खडखडत असेल तर आतली स्प्रिंग बहुधा तुटलेली असते. बेजोड म्यानामुळे किंमत पडते, ती घासाघीस अवश्य करावी.

छत्रीधारी सैनिकांच्या काप्पमेसर या चाकूच्या मागे जर्मनीत लागू नये. त्याचं पातं वजनाने बाहेर पडतं, आणि असे फालमेसर तिथल्या शस्त्र कायद्यात प्रतिबंधित आहेत. फार्टेनमेसर बाळगता येतो, पण १२ सेंटिमीटरहून लांब स्थिर पातं ठोस कारणाशिवाय सोबत घेऊन फिरता येत नाही. बिल्ल्यावरचं स्वस्तिक उघडपणे दाखवणं जर्मन फौजदारी संहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे. संशोधन, अध्यापन, कला अशा कारणांना सूट आहे; एरवी हा गुन्हा टाळायचा म्हणून लिलावाच्या छायाचित्रांत ते चिन्ह बहुधा झाकलेलं असतं. झाकलेल्या बिल्ल्याचा उघडा फोटो खरेदीआधी मागून घ्यावा.

घरी आणल्यावर चाकू म्यानात ठेवू नये, आतला ओलावा पातं खातो. आर्द्रता ४५ ते ५० टक्के. लाल गंजावर तेल रात्रभर, सकाळी बांबूच्या काडीने खरवड, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर. पॉलिश पेस्ट कधीही नको. चामड्यालगतच्या पितळी बटणावर हिरवं मेणासारखं काही दिसलं तर तेही काडीनेच काढावं; चामड्यातल्या तेलाने ते पुन्हा येतं, म्हणून दर सहा महिन्यांनी तिथे नजर टाकावी.