ऑटोकॅडची डिस्प्ले सेटिंग्ज कायमची टिकवताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आवृत्ती ऑटोकॅड २०२४ (संगणकावर नकाशे काढायचा प्रोग्रॅम; पूर्ण, एलटी ही मर्यादित आवृत्ती नव्हे), विंडोज ११, काम बिल्डिंग ड्रॉइंगचं. टेम्प्लेट (नव्या ड्रॉइंगचा साचा), प्रोफाइल (सेटिंग्जचा नाव दिलेला संच) आणि एक छोटी लिस्प फाइल (ऑटोकॅडमध्ये चालणाऱ्या लिस्प भाषेतला छोटा प्रोग्रॅम) अशी तिहेरी मांडणी आठ महिने रोज वापरून हा अनुभव लिहिला आहे. मांडणी टिकते, पण तिच्या प्रत्येक भागाला मर्यादा आहे. ती कळली नाही तर 'काल बदललं होतं, आज पुन्हा पहिल्यासारखं' हे चालूच राहतं.

सगळा घोळ एका गोष्टीचा आहे: सेटिंग नेमकं साठतं कुठे? ऑटोकॅडमध्ये त्याच्या तीन शक्यता आहेत. काही व्हेरिएबल (म्हणजे नाव असलेली सेटिंग) त्या ड्रॉइंगमध्येच साठतात, काही विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोज प्रोग्रॅमच्या सेटिंग ठेवते ती जागा), आणि काही कुठेच नाही. प्रोग्रॅम बंद झाला की ती मूळ आकड्यावर येतात. तुटक रेषेच्या तुकड्यांचं प्रमाण ठरवणारं एलटीस्केल, रेषांची जाडी दाखवणारं एलडब्ल्यूडिस्प्ले, हॅच (आकाराच्या आतला भराव) भरलेला दिसावा की नाही हे ठरवणारं फिलमोड, ग्रिड, इमेजच्या चौकटी: ही सगळी ड्रॉइंगमध्ये. क्रॉसहेअरची (कर्सरच्या आडव्या-उभ्या रेघांची) लांबी, पिकबॉक्सचा (वस्तू निवडायच्या चौकोनाचा) आकार, पार्श्वभूमीचे रंग, ऑब्जेक्ट स्नॅप (वस्तूच्या टोक-मध्य अशा बिंदूंवर कर्सर अचूक पकडणं): ही रजिस्ट्रीत. शंका आली तर व्हेरिएबलचं नाव टाइप करून एफ१ दाबा. मदतीच्या पानावर ते कुठे साठतं याची स्वतंत्र ओळ असते. 'ऑप्शन्स' खिडकीतही खूण आहे: ज्या पर्यायाशेजारी ड्रॉइंग फाइलचं छोटं चित्र दिसतं, तो फक्त उघड्या ड्रॉइंगपुरता. ही खूण समोर असूनही बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

रजिस्ट्रीतल्या गोष्टींसाठी प्रोफाइल. 'ऑप्शन्स'मधल्या 'प्रोफाइल्स' टॅबवर 'अ‍ॅड टू लिस्ट'ने नवं नाव द्या आणि आधी 'सेट करंट' करा, मगच रंग वगैरे बदला. क्रम उलटा झाला तर बदल जुन्या प्रोफाइलमध्ये जातात. रंग बदलताना आणखी एक फसगत होते. टू-डी मॉडेल स्पेस (प्रत्यक्ष ड्रॉइंग काढायची जागा), लेआउट (छपाईचा कागद मांडायचा टॅब), ब्लॉक एडिटर (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार आकृत्या बदलायची खिडकी) आणि प्लॉट प्रिव्ह्यू (छपाईपूर्वीचं दृश्य) यांचे रंग वेगवेगळे साठतात. मॉडेल काळं करून ब्लॉक एडिटर उघडला की जुना रंग दिसतो आणि सेटिंग उडालं असं वाटतं. ते उडालेलं नसतं. त्या जागेचा रंग बदलायचाच राहिलेला असतो.

सगळं मनासारखं झालं की ऑटोकॅड रीतसर बंद करा. ही पायरी टाळू नका. यातल्या बऱ्याच गोष्टी रजिस्ट्रीत लिहिल्या जातात त्या बंद होताना. प्रोग्रॅम मध्येच कोसळला किंवा टास्क मॅनेजरमधून मारला तर त्या दिवशीचे बदल जातात. एकाच वेळी दोन ऑटोकॅड उघडी असतील तर शेवटी बंद होणारं आपली सेटिंग्ज पहिल्याच्या सेटिंग्जवर लिहून टाकतं. पुन्हा उघडून तपासा, आणि मग 'एक्स्पोर्ट'ने एआरजी (प्रोफाइलची) फाइल काढून ठेवा. दुसऱ्या संगणकावर ती 'इम्पोर्ट' करताना पाथची माहितीही घ्यायची का, असा चौकोन असतो. विंडोज युजरचं नाव वेगळं असेल तर खूण काढा, नाहीतर सपोर्ट फोल्डरचे पत्ते अस्तित्वात नसलेल्या जागी वळतात आणि लाइनटाइप, हॅच, फॉन्ट सापडेनासे होतात.

डेस्कटॉपच्या शॉर्टकटमध्ये एक्झी फाइलच्या पत्त्यानंतर तिरकी रेघ, 'पी' आणि अवतरणात प्रोफाइलचं नाव टाकलं की त्या प्रोफाइलनेच सुरुवात होते. पण फोल्डरमधल्या ड्रॉइंगवर डबल क्लिक केलं तर हा शॉर्टकट वापरलाच जात नाही. म्हणून प्रोफाइल आतूनही करंट करून ठेवलेलं बरं. एलटी वापरणाऱ्यांना प्रोफाइल मिळत नाही. लिस्पही एलटीत २०२४ पासूनच आलं.

आता ड्रॉइंगमध्ये साठणाऱ्या गोष्टी. नव्या ड्रॉइंगसाठी उत्तर सोपं आहे: टेम्प्लेट. अ‍ॅकॅडआयएसओ हे मेट्रिक टेम्प्लेट उघडा, एफ७ ने ग्रिड बंद करा, एलटीस्केल, एमएसएलटीस्केल (मॉडेलमध्ये तुटक रेषा अ‍ॅनोटेशन स्केलप्रमाणे दाखवणारं) आणि पीएसएलटीस्केल (लेआउटच्या व्ह्यूपोर्टमधल्या तुटक रेषांसाठीचं) तिन्ही १ ठेवा आणि वेगळ्या नावाने डीडब्ल्यूटी (टेम्प्लेट फाइल) म्हणून सेव्ह करा. मग 'ऑप्शन्स'च्या 'फाइल्स' टॅबवर क्यून्यू (नवं ड्रॉइंग सुरू करणाऱ्या) कमांडसाठीचं टेम्प्लेट म्हणून तिचा पत्ता द्या. तिन्ही १ असले की १:५० आणि १:१०० चे व्ह्यूपोर्ट (लेआउटवरून मॉडेल दाखवणाऱ्या चौकटी) एकाच कागदावर असूनही तुटक रेषांचे तुकडे सारखेच छापले जातात. मॉडेलमध्ये अ‍ॅनोटेशन स्केल (मजकूर-खुणांचं प्रमाण) बदलल्यावर रीजेन (पडद्यावरचं चित्र नव्याने आखायची कमांड) मात्र द्यावं लागतं, नाहीतर जुन्याच रेषा दिसत राहतात.

इथे एक बारकावा आहे आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो. पीएसएलटीस्केल आणि एलडब्ल्यूडिस्प्ले ड्रॉइंगमध्ये साठतात हे खरं, पण प्रत्येक टॅबसाठी वेगळे साठतात. मॉडेलमध्ये रेषांची जाडी चालू केली म्हणून लेआउटमध्ये ती चालू होत नाही. टेम्प्लेटमध्ये चार लेआउट असतील तर प्रत्येकावर जाऊन ही दोन्ही मूल्यं द्यायची, रीजेनऑल (सगळ्या व्ह्यूपोर्टसाठीचं रीजेन) द्यायचं आणि मग सेव्ह. दुसऱ्या फाइलमधून आणलेला लेआउट स्वतःचं मूल्य घेऊन येतो, त्यामुळे आणल्यावर लगेच तपासा.

टेम्प्लेट जुन्या ड्रॉइंगला लागू होत नाही. कन्सल्टंटकडून आलेली फाइल तिच्याच सेटिंगसह उघडते. तिथे अ‍ॅकॅडडॉक या नावाची लिस्प फाइल कामाला येते, कारण ती प्रत्येक ड्रॉइंग उघडताना चालते (नुसतं अ‍ॅकॅड नाव दिलेली लिस्प फाइल मूळ सेटिंगनुसार सत्रात एकदाच). फाइल ठेवलेलं फोल्डर दोन ठिकाणी नोंदवा: सपोर्ट फाइल सर्च पाथमध्ये आणि ट्रस्टेड लोकेशन्समध्ये. दुसरी नोंद राहिली तर सुरक्षेचा इशारा येतो. याच नावाच्या दोन फाइली असतील तर पाथमध्ये आधी सापडणारीच चालते, दुसरीबद्दल काही कळत नाही. कोणती चालतेय ते पाहायला लिस्पचं फाइंडफाइल फंक्शन कमांड लाइनवर चालवा, पूर्ण पत्ता मिळतो.

साधी व्हेरिएबल लिस्पच्या सेटव्हार या फंक्शनने थेट बदलतात. वर्तुळं बहुभुजासारखी दिसू नयेत म्हणून वापरतो ते व्ह्यूरेझ मात्र व्हेरिएबल नाही, कमांड आहे. ती एस-स्टार्टअप (ड्रॉइंग पूर्ण उघडल्यावर आपोआप चालणाऱ्या) फंक्शनच्या आत टाकावी, कारण त्याआधी ड्रॉइंग पुरतं तयार झालेलं नसतं. तिच्या आकड्याची मर्यादा १ ते २००००, मूळ आकडा १०००. ५००० ने काम भागतं.

पण या फाइलमध्ये काय घालायचं यावर ठाम मत आहे: फक्त बघणाऱ्याच्या सोयीच्या गोष्टी. पहिल्या महिन्यात एलटीस्केलही तिच्यात होतं, ते काढून टाकलं. दुसऱ्याने एलटीस्केल ५० वर बेतलेल्या ड्रॉइंगमध्ये ते १ झालं की तुटक रेषा सलग दिसू लागतात, तशाच छापल्या जातात, आणि सेव्ह केलं की मूळ माणसाकडेही तीच फाइल जाते. रेषा तुटक असणं हा नकाशाचा अर्थ आहे. वरची तुळई तुटक रेषेनेच कळते. शिवाय ड्रॉइंगमधलं व्हेरिएबल बदललं की काहीही न काढता बंद करताना 'सेव्ह करू का' विचारलं जातं. म्हणून आधी मूल्य वाचा, वेगळं असेल तरच बदला.

अशा अर्थ बदलणाऱ्या गोष्टींसाठी सिसव्हारमॉनिटर (व्हेरिएबलवर लक्ष ठेवणारी कमांड) जास्त योग्य. ठरवलेलं मूल्य यादीत लिहून ठेवायचं. फरक पडला की स्टेटस बारवर इशारा येतो आणि परत फिरवायचं की नाही हे आपण ठरवतो. तिसऱ्या कुणाचं लिस्प मध्येच अडकून ओस्नॅप (ऑब्जेक्ट स्नॅप) शून्यावर सोडून गेलं तरी हे लगेच कळतं.

एक्सरेफचे (ड्रॉइंगला जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगचे) लेयर बंद करूनही पुन्हा उघडल्यावर चालू दिसत असतील तर यजमान (म्हणजे जोडून घेणाऱ्या) ड्रॉइंगमध्ये हे बदल टिकवणारं व्हिसरिटेन ० झालेलं असतं, १ करा. लपवलेल्या वस्तू पुढच्या वेळीही लपलेल्या हव्या असतील तर ऑब्जेक्टआयसोलेशनमोड १. दोघं एकाच फाइलवर काम करत असाल तर मात्र ते ०च ठेवावं, कारण लपलेली वस्तू दुसऱ्याला नाहीच असं वाटतं.

शेकडो जुन्या फाइली एकदाच दुरुस्त करायच्या असतील तर ऑटोकॅडच्याच फोल्डरमधलं अ‍ॅककोअरकन्सोल वापरा. हा खिडकीशिवाय कमांड लाइनवर चालणारा ऑटोकॅड. 'आय' स्विचला (कमांडपुढच्या पर्यायाला) ड्रॉइंग आणि 'एस' स्विचला स्क्रिप्ट (कमांडची यादी असलेली फाइल) द्या; पडद्यावर काही न उघडता काम होतं. त्यात अ‍ॅक्टिव्हएक्सवर चालणारं लिस्प चालत नाही, साधं सेटव्हार चालतं. स्क्रिप्टच्या शेवटी क्यूसेव्ह (सेव्हची कमांड) लागतंच, आणि आधी सगळ्या फाइलींची प्रत काढलेली असली पाहिजे.