रोजच्या डब्यातली गोडाची वाटी

कोथरूड परिसरात घरपोच डबा पुरवणाऱ्या एका घरगुती सेवेचे जेवण आमच्याकडे बऱ्याच महिन्यांपासून येते. पोळ्या, भाजी, आमटी किंवा वरण, भात, कोशिंबीर आणि दररोज एक गोड पदार्थ, असे त्यांचे ठरलेले स्वरूप आहे, आणि 'रोज गोडासह संपूर्ण जेवण' हेच त्यांच्या जाहिरातीतले ठळक वाक्य आहे. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण ज्या गोष्टीविषयी मला लिहायचे आहे ती एकट्या त्यांची नाही. शहरातल्या अनेक डबा पुरवणाऱ्यांनी रोजचे गोड हे चांगल्या जेवणाचे लक्षण मानले आहे, आणि आपण ग्राहकांनीही ते निमूटपणे मान्य केले आहे.

बाकीच्या जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. पोळ्या मऊ असतात आणि दुपारी एकपर्यंत तशाच राहतात. आमटीला गोडा मसाला आणि आमसूल यांची चव नीट लागते, पालेभाजी आठवड्यातून किमान दोनदा असते, तेल बेताचे असते. कोशिंबिरीचा कप्पा मात्र नेहमी लहान, दोन घासांत संपेल एवढाच, आणि शेजारचा गोडाचा कप्पा त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो.

त्या कप्प्यात सोमवारी शिरा, मंगळवारी शेवयांची खीर, पुढे गुलाबजाम, श्रीखंड, दुधी हलवा, बासुंदी असे पदार्थ फिरून फिरून येतात. चवीला त्यांतले बरेचसे चांगले आहेत. दुधी हलवा तर घरच्यासारखा आटवलेला असतो. गुलाबजाम आणि श्रीखंड बाहेरून आणलेले असावेत असे चवीवरून वाटते. माझा आक्षेप चवीला नाही, प्रमाणाला आणि रोजच्या नेमाला आहे. श्रीखंडासाठी एक किलो चक्क्याला पाऊण ते एक किलो साखर घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे, त्यामुळे पन्नास-साठ ग्रॅमच्या वाटीतही २० ते ३० ग्रॅम साखर असते. वाटीभर रव्याचा शिरा चौघांना वाढला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला येणारी साखर जवळपास तेवढीच भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्य असल्यास ५ टक्क्यांच्या आत राहावी. रोज २००० कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी हा दुसरा आकडा २५ ग्रॅम होतो. गूळ आणि मध यांचीही गणना त्यातच होते, त्यामुळे साखरेऐवजी गुळाची खीर दिली म्हणून हिशेब बदलत नाही. दिवसातून दोन कप गोड चहा घेणाऱ्या माणसाच्या पोटात चहातूनच १५ ग्रॅमच्या आसपास साखर जाते, आणि दुपारची ही एकच वाटी त्याला मर्यादेच्या बरीच पुढे नेते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला आहे. अशा देशात रोजच्या डब्यात न विचारता एवढे गोड घालणे मला योग्य वाटत नाही.

यावर 'आपल्या पानात गोड पूर्वीपासून आहेच' असे उत्तर ही सेवा चालवणाऱ्या काकूंनी मला फोनवर दिले, आणि ते अर्धे खरे आहे, म्हणून त्याचा नीट विचार करायला हवा. आपल्या पंगतीत गोड हा जेवण संपल्यावरचा वेगळा पदार्थ नव्हता. पहिला वरणभात झाला की पोळी किंवा पुरीबरोबर गोड वाढले जाई, जिलबीच्या जोडीला मठ्ठा असे, आणि शेवट ताकभाताने किंवा दहीभाताने होई. पण ती पंगत सणाची, मुंजीची, लग्नाची असे. रोजच्या पानातले गोड निराळे होते: पोळीच्या शेवटच्या चतकोराला लावलेले गूळ-तूप, ताटाच्या कडेला चमचाभर मुरांबा किंवा साखरांबा, मुलांसाठी शिकरण, आजारातून उठलेल्याला दूधभात. एवढ्यावर जेवण गोड होत असे आणि कोणालाही काही कमी पडल्यासारखे वाटत नसे. पक्वान्न सणाचे आणि रोजचा घास साधा, ही विभागणी काटकसरीतून आली असेल, तरी ती आजही उपयोगाची आहे. सध्याचा डबा सणाच्या पानातली वाटी उचलून रोजच्या पानात ठेवतो आणि त्याला परंपरा म्हणतो, हे मला पटत नाही.

म्हणून रोजच्या जेवणात गोड असावे की नसावे, या प्रश्नाला माझे उत्तर 'असावे' असेच आहे, मात्र ते घासभर असावे आणि जेवणाच्या आतच असावे. भाजी, डाळ आणि तूप यांच्यासोबत पोटात गेलेल्या थोड्या गोडाने रक्तातली साखर रिकाम्या पोटी खाल्लेल्या गोडाइतक्या झपाट्याने चढत नाही. दातांसाठीही दिवसभर अधूनमधून काही गोड चघळण्यापेक्षा ते जेवणाच्या वेळीच खाल्लेले बरे, असे दंतवैद्य सांगतात. जेवणातले गोड पूर्णपणे टाळून चार वाजता चहाबरोबर क्रीमची बिस्किटे खाणारी माणसे मी आमच्या कार्यालयात रोज पाहते, आणि त्यांच्यापेक्षा गूळ-तूप-पोळीचा एक घास खाऊन तृप्त होणारा माणूस अधिक शहाणपणाने जेवतो असे माझे ठाम मत आहे.

या सेवेला ही गोष्ट जमत नाही असे नाही, आणि म्हणूनच मी अजून त्यांची ग्राहक आहे. उन्हाळ्यात कैऱ्यांचा हंगाम असताना काही दिवस वाटीऐवजी छोट्या डबीत गुळांबा आला होता. वेलदोड्याचा वास, कैरीचा आंबटपणा आणि गुळाचा खमंगपणा यांनी साध्या पोळीला जी चव आली, ती आठवडाभरच्या गुलाबजामांना आली नव्हती. नागपंचमीला चिरायचे नाही आणि तवा ठेवायचा नाही हा रिवाज पाळून त्यांनी पुरणाचे दिंड उकडून पाठवले, सोबत तुपाची डबी होती, आणि त्या दिवशी डबा उघडताच घरात सण आल्यासारखे वाटले. मात्र आदल्या दिवशी बासुंदी आणि त्याच्या आदल्या दिवशी शिरा आला नसता, तर ते दिंड आम्ही आणखी आवडीने खाल्ले असते. होळीची पुरणपोळी, संक्रांतीची गूळपोळी, कोजागरीचे मसाला दूध यांची वर्षभर वाट पाहावी, यातच त्यांची गोडी आहे. रोजच्या पक्वान्नाने ही वाट पाहणेच संपते, आणि साखरेच्या खालोखाल मला याचे दुःख अधिक आहे.

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांच्या डब्यात गोड नको असे सांगितल्यावर कप्पा रिकामा येऊ लागला, परंतु दर तोच राहिला आणि त्या जागी दुसरे काही मिळाले नाही. हा मला सेवेतला सर्वांत मोठा दोष वाटतो. गोड न खाणाऱ्याला वाढीव कोशिंबीर, वाटीभर घट्ट ताक, मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा एखादे पेरू-संत्र्यासारखे फळ देणे स्वयंपाकघराला अवघड नाही आणि खर्चिकही नाही. शिवाय रिकामा कप्पा पाहून सासूबाईंना आपण पथ्याचे आहोत याची रोज नव्याने जाणीव होते, हे तो भरणाऱ्याच्या लक्षात यायला हवे होते. दोनदा बोलल्यानंतर आता त्या जागी ताक येते. ताक उत्तम असते, जिरेपूड लावलेले, फार आंबट नसलेले.

काकूंनी सूचना ऐकून घेतल्या आणि वाद घातला नाही, याचा उल्लेख करायलाच हवा. त्यांचे म्हणणे असे, की गोड बंद केले तर तरुण ग्राहक शेजारच्या डब्याकडे जातात, कारण ते दोन जाहिराती शेजारी ठेवून पदार्थ मोजतात. ही अडचण खरी आहे. म्हणून माझी सूचना गोड बंद करण्याची नाही: आठवड्यातून एकदा आणि सणाला पूर्ण पक्वान्न, इतर दिवशी चमचाभर मुरांबा, गूळ-तूप किंवा फळ, आणि वाचलेल्या जागेत दुप्पट कोशिंबीर, असा पर्याय त्यांनी वेगळा डबा म्हणून त्याच दरात द्यावा, म्हणजे निवड ज्याची त्याला करता येईल.

जेवणाच्या दर्जासाठी मी ही सेवा मनापासून सुचवते. गोडाच्या बाबतीत मात्र पाचपैकी अडीचच गुण देईन. त्यांच्याकडे किंवा अशा कोणत्याही सेवेकडे नाव नोंदवताना गोड रोज हवे की ठरावीक वारी, आणि नको असल्यास त्या बदल्यात काय मिळेल, हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावे. येथे आदल्या दिवशी रात्रीपर्यंत निरोप दिला तर बदल नक्की होतो; सकाळी सांगितले तर खीर आधीच भरलेली असते.