दरपत्रक एक्सेलमध्ये, पत्र वर्डमध्ये: लिंक करताना रूप कुणाचं ठेवायचं?

पाडवा जवळ आला की रत्नागिरीतल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात आंब्याच्या दरपत्रकांची रांग लागते. दर असतात बागायतदाराच्या एक्सेलमध्ये, पत्र वर्डमध्ये, आणि भाव दोन दिवसांनी हलणार. नुसतं कॉपी-पेस्ट केलं की पाच डझनी पेटीचा जुना दर कुठेतरी राहतोच. म्हणून पत्रातला तक्ता एक्सेलच्या फाइलशी जोडून ठेवायचा, म्हणजे लिंक करायची, इथवर सगळ्यांना पटतं. घोळ पुढे होतो.

पेस्ट करताना वर्ड लिंकचे दोन पर्याय देतो. 'लिंक अँड कीप सोर्स फॉरमॅटिंग' घेतलं तर एक्सेलमधले रंग, फॉन्ट, जाड अक्षरं तशीच येतात. मात्र मग वर्डमध्ये हौसेने केलेली सजावट एफ९ दाबून लिंक अपडेट केली की पुसली जाते. हा पर्याय घेणाऱ्याने नटवायचं ते एक्सेलमध्येच नटवावं.

'लिंक अँड यूज डेस्टिनेशन स्टाइल्स'मध्ये तक्ता पत्राचा फॉन्ट उचलतो. लेटरहेडवरच्या पत्राला मी हाच घेतो, कारण तक्ता उपरा वाटत नाही. पण जुन्या शिवाजी फॉन्टातली फाइल असेल तर हात लावू नका. मागच्या हंगामात एका काकांच्या तक्त्यातला 'हापूस' वर्डमध्ये आला तो इंग्रजी अक्षरांची भेळ होऊन. काका म्हणाले, "अहो, व्हायरस शिरला की काय?" व्हायरस कसला! त्या फॉन्टात आतून इंग्रजी अक्षरंच असतात, मराठी हा फक्त वरचा साज. फॉन्ट बदलला की साज उतरतो. आधी मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, म्हणजे आतूनही मराठीच अक्षरं असतील, मगच हा पर्याय.

दोन्हींत आकडा एक्सेलमध्ये दिसतो तसाच येतो. रुपयाचं चिन्ह, लाखाचा स्वल्पविराम तिथेच लावायचा. रकाना अरुंद असून #### दिसत असेल, तर पत्रातही #### छापलं जाईल.

तिसरी वाट पेस्ट स्पेशलमधून वर्कशीट ऑब्जेक्टची लिंक. फोटो काढावा तसं हुबेहूब. रंगीत, एका पानाच्या दरपत्रकाला उत्तम. पण वर्डमध्ये त्यातला फॉन्ट बदलता येत नाही आणि लांब तक्ता पुढच्या पानावर वाहत नाही, खालून कापला जातो. शिवाय एक्सेलच्या फिकट रेघाही सोबत येतात. आधी व्ह्यूमध्ये जाऊन ग्रिडलाइन्स बंद करा.

मुंबईतला पुतण्या भाव बदलणार आणि पत्र तुम्ही काढणार, असं असेल तर गूगल शीट्स आणि डॉक्स बरं. तिथे तक्त्यावरचं अपडेटचं बटण आठवणीने दाबावं लागतं, एवढंच.

वर्डमध्ये चुकीचा पर्याय घेतला गेला असेल तर पुन्हा पेस्ट करायची गरज नाही. आल्ट+एफ९ दाबा, लिंकचा कोड उघडा पडेल. त्यात \f या खुणेच्या पुढे ४ म्हणजे एक्सेलचं रूप, ५ म्हणजे वर्डचं. आकडा बदला, पुन्हा आल्ट+एफ९, मग तक्त्यावर एफ९.

वाशीच्या व्यापाऱ्याला लिंक असलेली वर्ड फाइल पाठवू नका. लिंक तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइलचा पत्ता शोधते, तो त्याच्याकडे कुठून असणार? फाइलची एक प्रत करा, कंट्रोल+ए, मग कंट्रोल+शिफ्ट+एफ९ दाबून लिंक तोडा आणि पीडीएफ पाठवा. हे प्रतीवरच करा. मूळ फाइलवर केलंत आणि सेव्ह झालं, तर परवा भाव उतरल्यावर सगळं पहिल्यापासून.